अठरा मीटरवरचा फास : एका बोया-दोराचं प्रकरण

प्रकरण मस्कतजवळचं आहे. शहराच्या पूर्वेला बंदर खैरानच्या खडकाळ खाड्या आहेत, त्यांच्या तोंडाशी बोटीतून जाऊन आम्ही चौघं श्वास रोखून खोल जाण्याचा, म्हणजे फ्रीडायव्हिंगचा, सराव करत होतो. चौघंही मराठी, नोकरीनिमित्त ओमानला आलेले. चौघांनीही पहिल्या दोन पातळ्यांचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं. एकमेकांवर लक्ष कसं ठेवायचं, बेशुद्ध माणसाला वर कसं आणायचं, हे सगळं शिकलेलो. मात्र शिकताना बोया, दोर आणि वजन प्रशिक्षकाचं होतं. ते आयतं पाण्यात टाकलेलं असायचं आणि आम्ही त्याला धरून खाली जायचो. स्वतःचं सामान जमवायची वेळ आली तेव्हा ते कशासाठी तसं असतं, याचा आम्ही पुरेसा विचार केला नव्हता.

मी देवगडचा. घरात मासेमारी. दोर, बोया, नांगर हे शब्द कानावर पडतच मोठा झालो, त्यामुळे सामान जमवायचं काम मी मागून घेतलं. त्यात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून चुकलं.

पहिलं सामान असं होतं. तरंगायला बोटीवर असतो तसा नारिंगी लाइफबॉय. दोर निळा, पिळाचा, पॉलिप्रोपिलीनचा, आठ मिलिमीटर जाड आणि 30 मीटर लांब, जाळ्यांच्या दुकानातून आणलेला. वजनासाठी रंगाच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात कडी बसवलेली. डबा भरून दहा किलो. त्या दिवशी 18 मीटरपर्यंतच जायचं होतं, म्हणून उरलेल्या दोराची गुंडाळी करून ती डब्याच्या कडीपाशी सुतळीने बांधली. आणि बोया वाहून जाऊ नये म्हणून तो नांगरलेल्या बोटीला बांधला.

प्रत्येक गोष्टीमागे कारण होतं आणि बोटीवर बसून पाहिलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मासेमारीत बोया बांधूनच ठेवतात. जाळ्याचा दोर तरंगला तर चांगलंच, तळाच्या खडकात अडकत नाही. जास्तीचा दोर खाली राहिला तर वर पायात येत नाही.

सकाळी साडेआठला पाणी शांत होतं. दहा वाजेपर्यंत ओढ लागली. बोटीच्या कडेने जाणारा फेस बघून आम्ही अंदाज केला की साधारण एक नॉट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. खालची दृश्यता आठेक मीटर. आमच्यातली सगळ्यात सहज खोल जाणारी मैत्रीण, पेशाने डॉक्टर, शेवटची डाइव्ह करायला निघाली. मनगटाला लॅनयार्ड, म्हणजे माणसाला दोराशी जोडून ठेवणारी तार; तिच्या टोकाचा कॅराबिनर, म्हणजे उघडबंद होणारी कडी, दोरावर. ती 18 मीटर जाऊन परत येणार, मी तिला साधारण तिसाव्या सेकंदाला आठ-नऊ मीटरवर भेटणार, असं ठरलं होतं.

मी वेळेवर निघालो. नऊ मीटरवर दोराशेजारी थांबलो आणि खाली पाहिलं. ती दिसेना. दोर माझ्यापासून तिरका होत निळ्या-हिरव्या धूसरात नाहीसा होत होता. आणि हाताला दोर हलताना जाणवला, दोनदा, जोरात.

ती तळाशी पोचली तेव्हा काय झालं, ते तिने नंतर नीट सांगितलं. डब्याच्या वर सुतळी सुटलेली होती. गुंडाळीतला दोर तरंगणारा, त्यामुळे त्याचे वेढे खाली पडून न राहता डब्याभोवती वर उभे राहिले होते, समुद्री शेवाळासारखे डोलत. तिने वळायला अंग फिरवलं आणि लॅनयार्डची तार एका वेढ्यात गेली. निघाली तर मनगट मागे ओढलं गेलं. तिने पुन्हा ओढलं, तर डबाच उचलला गेला. मग तिने मनगटावरची पट्टी सोडायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा उलट्या दिशेने ओढली. दुसऱ्यांदा सुटली. यात पंधरा-वीस सेकंद गेले.

ती मला बारा मीटरवर दिसली, मी तिच्यासोबत वर आलो. डोकं पाण्याबाहेर आलं, एक श्वास घेतला आणि मग तिची मान हलायला लागली, ओठ निळसर, हाताला बोया धरता येईना. याला फ्रीडायव्हर सांबा म्हणतात : शुद्ध पूर्ण गेलेली नसते, पण शरीरावरचा ताबा सुटलेला असतो. मी तिचा चेहरा पाण्याबाहेर धरला, दुसऱ्याने मास्क काढला, "श्वास घे, श्वास घे" म्हणत राहिलो. पाच-सहा सेकंदांत ती परत आली. त्या दिवसापुरतं सगळ्यांचं डायव्हिंग थांबलं. तिला काही इजा झाली नाही.

आता यावर कुणीही म्हणेल, लॅनयार्ड वेळेत सुटला, बडी (लक्ष ठेवणारा जोडीदार) जागेवर होता, म्हणजे पद्धत चालली. मला तसं वाटत नाही. पट्टी दुसऱ्या झटक्यातही सुटली नसती तर? वर राहिलेल्या दोघांना तिला दोरासकट वर ओढावं लागलं असतं. ते जमलं असतं का, हे बघायला आम्ही तासाभराने, ओढ कमी झाल्यावर, त्याच सामानाने एक चाचणी केली. डब्याला वाळूची पिशवी बांधली, पाण्यात साडेतीन-चार किलो भरेल अशी, म्हणजे खोलवर सूट दबून त्याची तरंगण्याची ताकद गेलेल्या माणसाएवढी. दोघांनी बोयावर रेलून दोर ओढायला सुरुवात केली.

बोया पाण्याखाली गेला.

ओला, बारीक दोर हातातून निसटत होता, डबा पिळासोबत गरगर फिरत होता, आणि ओढणारे दोघं स्वतःच तरंगायला धडपडत होते. अठरा मीटर वर आणायला सत्तर सेकंदांहून जास्त लागले. त्यातले शेवटचे पाच मीटर आम्ही बोटीला धरून ओढले. प्रकरणातला खरा दोष मला इथे दिसला. सुटलेली सुतळी हे निमित्त. आम्ही सगळं सामान खाली जाण्याच्या बाजूने विचार करून जमवलं होतं. निश्चल माणसाला वर आणण्यासाठी त्यातलं काहीही निवडलेलं नव्हतं.

या खेळाच्या इतिहासात याच बाजूची एक फार दुःखद घटना आहे. 12 ऑक्टोबर 2002 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बायाहिबेजवळ ऑद्रे मेस्त्र ही फ्रेंच फ्रीडायव्हर दोरावरून खाली नेणाऱ्या वजनी स्लेडवरून 171 मीटर खाली गेली. वर येण्यासाठीची पिशवी ज्या टाकीतल्या हवेने फुगायची, त्या टाकीत पुरेशी हवा नव्हती. तिला पृष्ठभागावर आणेपर्यंत आठ मिनिटांहून अधिक वेळ गेला होता. आमच्या अठरा मीटरची त्याच्याशी तुलना करायची नाही. पण खाली नेणारी यंत्रणा चालली आणि वर आणणारी चालली नाही, हे वाचलं की मला तो सुतळीचा तुकडा आठवतो.

हिशेब

घरी येऊन कागद-पेन घेतलं. आधी बोया. जहाजांवरच्या लाइफबॉयचा आंतरराष्ट्रीय निकष असा की त्याने गोड्या पाण्यात साडेचौदा किलो लोखंड चोवीस तास तोलून धरावं. लोखंडाचं पाण्यातलं वजन कमी भरतं, म्हणजे खरी उचल साडेबारा किलोच्या आसपास. आमच्या दहा किलो काँक्रीटचं समुद्रात उरतं पावणेसहा किलो, कारण काँक्रीट पाण्याच्या जेमतेम अडीचपट जड; त्याने बाजूला सारलेलं सव्वाचार लिटर पाणी तेवढं वजन खातं. त्यात निश्चल माणूस साडेतीन किलो. उरली सव्वातीन किलो उचल. ती दोन माणसांच्या पाण्याबाहेर काढलेल्या दंड-खांद्यांना आणि ओढण्याच्या झटक्यांना पुरणार? ओढताना एक गोष्ट विसरली जाते : आपण दोर जितक्या जोराने वर ओढतो, तितक्याच जोराने बोया खाली दाबतो, कारण आपण त्याच्यावरच रेललेले असतो. लाइफबॉय पडलेल्या एका माणसाला तोलण्यासाठी बनवलेला असतो आणि त्या कामासाठी तो उत्तम असतो.

मग तिरका दोर. इथे माझी समजूत सगळ्यात जास्त चुकीची होती, म्हणून जरा थांबतो. बोया बांधलेला असेल आणि पाणी वाहत असेल, तर पाणी संपूर्ण दोराला ढकलतं. आठ मिलिमीटरचा अठरा मीटर दोर, एक नॉटची ओढ : दोरावर आणि डब्यावर मिळून साधारण तीन किलोचा आडवा जोर येतो. खाली पावणेसहा किलो. म्हणजे तळ बोयाच्या बरोबर खाली न राहता पाचेक मीटर पलीकडे जातो. तिथे आठ मीटर दृश्यता असली तर वरून बघणाऱ्याला खालचा माणूस दिसणारच नाही. शिवाय हा जोर ओढीच्या वर्गाने वाढतो. ओढ दुप्पट झाली तर जोर चौपट.

पहिला विचार आला, वजन वाढवू. बारा किलो शिसं लावलं तर समुद्रात जवळपास अकरा किलो उरतं, कारण शिसं पाण्याच्या अकरापटीहून जड. दहा मिलिमीटरचा दोर धरून हिशेब केला तर त्याच ओढीत तळ अडीच मीटर सरकतो. अर्ध्यावर आलं, पण गेलं नाही. आणि तेवढं जास्त वजन संकटात वर ओढायचं. वजनाने हा प्रश्न सुटत नाही.

सुटतो तो बोया मोकळा सोडल्याने. बोया, दोर, वजन आणि आपण, सगळे एकाच पाण्यासोबत वाहिलो तर पाणी दोराला ढकलतच नाही आणि तो जवळजवळ सरळ लोंबतो. मला हे स्वीकारायला वेळ लागला. लहानपणापासून बोया म्हणजे जागा धरून ठेवणारी वस्तू. इथे त्याने जागा सोडायची होती आणि बोटीने मागे यायचं होतं.

देवगडला काकांना व्हिडिओ कॉलवर निळा दोर दाखवला होता. त्यांनी तो एका नजरेत ओळखला. "ह्यो पाण्यार तरंगता रे. तुका तळाक जावचा आसा, मगे ह्यो कित्याक?" बस्स, एवढंच. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, दोर नुसता बांधून ठेवू नको, हातात धर, खाली काय चाललंय ते हाताला कळतं. गरी टाकून बसलेल्या माणसाचं हे ज्ञान आहे. त्या दिवशी मला ते दोन झटके कळले ते केवळ मी दोराला हात लावला होता म्हणून. वर असलेल्या दोघांपैकी कुणाचाही हात दोराला नव्हता.

दुसरं सामान

बोया : गाडीची मोठी ट्यूब, जाड कापडी आवरणात, उचल सत्तर लिटरच्या आसपास. हिशेब असा की अकरा किलो वजन, साडेतीन किलो माणूस, हे दोन्ही ओढण्याचे झटके धरून पंचवीस किलो, आणि बाजूला रेललेल्या दोघांचे आठ-आठ किलो. एक्केचाळीस झाले. वरचं सगळं राखीव. ट्यूब फुटू शकते, म्हणून आवरणाच्या आत पाणी न शोषणाऱ्या फोमच्या जाड पट्ट्या खुपसल्या. हवा गेली तरी वजन आणि एक माणूस तोलतील इतक्या. हे स्विमिंग पूलमध्ये ट्यूबमधली हवा सोडून तपासलं.

दोर : दहा मिलिमीटर, पांढरा, विणीचा, कमी ताणला जाणारा पॉलिस्टर, 35 मीटर. आमच्यातला एक जण सह्याद्रीत सुळके चढलेला. त्याच्याकडे क्लायंबिंगचा उत्तम डायनॅमिक दोर पडून होता आणि तो वापरू म्हणत होता. त्यावर बराच वाद झाला. तो दोर पडणाऱ्या माणसाचा झटका खाऊन ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो. आपल्याला उलट हवं : आपण वर एक मीटर ओढलं तर खाली एक मीटर यायला पाहिजे. नायलॉन पाणीही शोषतो. पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड, त्यामुळे सैल पडला तरी खाली लोंबतो, वेढे घेऊन उभा राहत नाही. पिळाच्या दोरासारखं त्याला वजन गरगरत नाही. आणि दहा मिलिमीटरचा दोर ओल्या हाताला धरवतो, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. दर पाच मीटरला काळी खूण, दहाला लाल. वर येणाऱ्याला शेवटचे दहा मीटर कुठून सुरू होतात ते कळतं. याच टप्प्यात पाण्याचा दाब दोन बारवरून एकावर येतो, फुफ्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही त्याच प्रमाणात घसरतो, आणि बहुतेक ब्लॅकआउट, म्हणजे शुद्ध हरपण्याचे प्रकार, इथे किंवा डोकं बाहेर आल्यावर होतात.

जास्तीचा दोर वर राहतो, बोयाच्या आवरणातल्या पिशवीत. खाली एक सेंटिमीटरही शिल्लक नाही. एवढा एकच बदल त्या दिवशी केलेला असता तर फास पडलाच नसता. तरी मी तो यादीत सगळ्यात वर ठेवणार नाही. वर ओढता न येणं हा त्याहून मोठा दोष होता.

तळ : शिशाचे चार-चार किलोचे तीन गुळगुळीत गोल, एकावर एक, कडा-कोपरे नाहीत. त्यांच्यावर प्लास्टिकची गोल थाळी. थाळीच्या मीटरभर वर दोरात ओवलेला टेनिसचा चेंडू, खाली गाठ मारून पक्का केलेला. लॅनयार्डचा कॅराबिनर चेंडूशी थांबतो, माणूस तळवजनापर्यंत पोचतच नाही. चेंडूचं दुसरं काम त्याहून मोलाचं. वरून दोर ओढला की चेंडू कॅराबिनरला उचलतो, कॅराबिनर लॅनयार्डला, लॅनयार्ड माणसाला. लॅनयार्ड नसेल तर दोर ओढून फक्त शिसं वर येईल. आणि चेंडू कॅराबिनरमधून निसटण्याइतका लहान असेल तर सगळं व्यर्थ. आम्ही कोरड्यात झटके देऊन पाहिलं. पहिला चेंडू निसटला, मग त्याच्याखाली रबरी चकती बसवली.

लॅनयार्ड : प्लास्टिकचं आवरण असलेली स्टीलची तार, पाऊण मीटर. तारेला वेढा सहसा पडत नाही. मनगटाची पट्टी ओढायचं टोक मोठं केलं, त्याला जाड मणी लावला. प्रत्येकाने पूलमध्ये डोळे मिटून, दोन्ही हातांनी, दहा-दहा वेळा ती सोडायची. डॉक्टर मैत्रिणीने ही अट घातली आणि ती आजही पहिल्या डाइव्हआधी प्रत्येकाकडून करून घेते.

वर बोयाच्या मध्यावर कप्पी, आणि तिच्यासोबत दोर एकाच दिशेने जाऊ देणारा पकडा, क्लायंबर ज्याला ज्युमर म्हणतात त्या जातीचा. ओढताना हात बदलला तरी दोर मागे सरकत नाही. इथे सुळके चढलेल्या मित्राचा अनुभव पूर्ण कामी आला. मीठ लागून त्याचे दात अडकतात, म्हणून दर वेळी गोड्या पाण्यात धुवायचा आणि निघण्याआधी चालवून बघायचा. बोया लाटेवर उचलला की तळवजनाला हिसका बसतो. तो मरावा म्हणून कप्पी आणि बोयाच्या मधे अर्धा मीटर जाड रबरी दोर, आणि रबर तुटलं तर भार घ्यायला शेजारी सैल पट्टा. स्पर्धांमध्ये खोल दोराला प्रतिवजन लावतात : दुसऱ्या टोकाचं जड वजन सोडलं की दोर आपोआप वर धावतो. वीस-पंचवीस मीटरला चौघांच्या गटाला त्याची गरज नाही. दोन माणसांचे हात पुरतात, बोया त्यांना तोलत असेल तर.

पुन्हा तीच चाचणी केली. तीच वाळूची पिशवी, या वेळी लॅनयार्डने अडकवलेली. अठरा मीटर, दोन माणसं : 31 सेकंद. पाच वेळा केली, सगळ्यात जास्त लागले 36. बोया निम्म्याहून थोडा जास्त बुडाला, खाली गेला नाही.

पाण्यातली रीतही बदलली. बोया बोटीला बांधायचा नाही. बोट वाऱ्याच्या खालच्या अंगाला, इंजिन बंद, तिच्यावर एक माणूस केवळ बोयाकडे बघायला. बोयावर पाण्याखाली माणूस आहे हे सांगणारा निळा-पांढरा झेंडा, आणि त्याची खूण सगळ्यांना ठाऊक नसते म्हणून वर एक मोठा नारिंगी झेंडाही. उधाणाच्या दिवसांत जात नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरती-ओहोटीत जातो, जेव्हा पाण्याला ओढ कमी असते. कोकणात हे कुणालाही सांगावं लागत नाही. मी मात्र ओमानला आल्यावर भरतीचं ॲप बघायला लागलो आणि तिथी मोजायचा विसरलो होतो. वर थांबलेल्याची दोन बोटं सतत दोरावर. तीन झटके म्हणजे ओढा. आणि ठरलेल्या वेळेवर दहा सेकंद झाले तर झटक्यांची वाट न बघता ओढा. बडी खाली असतो तरीही ओढायचं. तो दोराच्या बाजूने येतो, त्याला अडथळा होत नाही.

मालवण-तारकर्लीत असं काही करता येईल का, असं मला गावाकडची मुलं विचारतात. सामान हेच, दोर लहान. तिथलं पाणी उथळ आणि पुष्कळदा गढूळ, म्हणून मी दृश्यता दोराच्या निम्मी तरी असल्याशिवाय उतरणार नाही. आणि जाळी कुठे लागली आहेत ते सकाळीच तांडेलांना विचारून घेईन. ही माहिती त्यांच्याशिवाय कुणाकडे नसते.

अजून एक गोष्ट नीट सुटलेली नाही. मोकळा सोडलेला बोया पाण्यासोबत जातो, पण वारा सुटला की ट्यूबचा वरचा भाग शिडासारखा काम करतो. बोया वाऱ्याने एकीकडे, दोर पाण्यासोबत दुसरीकडे, आणि दोर पुन्हा तिरका. आम्ही ट्यूब थोडी खाली बसेल असं आवरणाला दोन किलो शिसं शिवून पाहिलं, थोडा फरक पडला. पाण्याखाली उघडणारी एक छोटी कापडी छत्री बोयाला लावून बघायची आहे. पण तीही दोराजवळ लोंबणारी आणखी एक वस्तू, आणि अठरा मीटरनंतर अशा कुठल्याही वस्तूकडे आम्ही लवकर हो म्हणत नाही. तोवर लाटांच्या टोकांना पांढरा फेस दिसला की बोया बोटीतच राहतो.

डॉक्टर मैत्रीण पाच महिन्यांनी पुन्हा 18 मीटरला गेली. वर मी होतो, दोन बोटं दोरावर. ती चेंडूपाशी वळली तेव्हा दोराला हलकासा धक्का बसला, एकच, आणि मग तिच्या येण्याची बारीक थरथर हाताला लागत राहिली.